चारशे बारा घरांचं गूढ

श्रीरंग स्वतःला नायगावचा एकमेव सर्व्हर-गुप्तहेर म्हणवून घेत असे. संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकून प्रोग्रामरची रास सांगतो, असा त्याचा दावा होता. त्याची सहायक ज्ञानदा हे ऐकताना चेहरा सरळ ठेवायची. पगारात तेवढंच बसत होतं.

शनिवारी सकाळी दोघं वसईतल्या एका गावात प्रिस्काच्या घरी पोचले. गावातल्या कुठल्याही लग्नाच्या निमंत्रणात कुणाचं घर सुटू नये म्हणून तिने दोन वर्षं खपून गावातल्या सगळ्या घरांची यादी वेबसाइटवर चढवली होती. पण ते पान उघडायला चाळीस सेकंद लागत.

"उद्या गावच्या मंडळाची बैठक आहे. वेग आला नाही तर पुन्हा घरांची जुनी वहीच वापरू म्हणतात," प्रिस्का म्हणाली.

"घातपात!" श्रीरंग म्हणाला. पान कोण कधी उघडतं याच्या नोंदींमध्ये त्याला कुवेतहून रोज येणारा एक संशयित सापडला होता. तो प्रिस्काचा भाऊ निकोलस निघाला. गावाची आठवण आली की बिचारा यादी वाचत बसायचा.

मग संशय पानावरच्या चर्चच्या फोटोवर गेला. फोटो काढल्यावर पान एकोणचाळीस सेकंदांत उघडलं.

"गुन्हेगार डगमगला!"

खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने सर्व्हर गंजला असणार, हा तिसरा तर्क. सर्व्हर हैदराबादला आहे, असं ज्ञानदाने सांगून पाहिलं.

"वारा कुठेही पोचतो," श्रीरंग म्हणाला.

तेवढ्यात प्रिस्काची आई मटिल्डा चहा घेऊन आली. पडद्यावर ओळी भराभर सरकत होत्या. "हे काय चाललंय?"

"सर्व्हर डेटाबेसकडून घरांची माहिती मागतोय," ज्ञानदा म्हणाली. "एका वेळी एक घर. चारशे बारा फेऱ्या."

"का गं, प्रिस्का?"

"मम्मी, तूच शिकवलंस ना? प्रत्येक घरी वेगळं जायचं. सगळ्यांना एकदम सांगितलं तर लोक रुसतात."

"लोक रुसतात. हा मेला डेटाबेस कशाला रुसेल? सगळी घरं एकदम माग की!"

ज्ञानदाने कोड बदलला, चारशे बारा प्रश्नांच्या जागी एक ठेवला. चहा निवायच्या आत काम झालं, आणि पान अर्ध्या सेकंदात उघडलं. प्रिस्काने आईला घट्ट मिठी मारली.

"माझाही रोख तिकडेच होता," श्रीरंगने जाहीर केलं.

रविवारी बैठकीत यादी क्षणात उघडली आणि लगेच भांडण जुंपलं. रॉबर्ट अंकलचं घर त्रेपन्नावं का? मंडळातल्या कुणी आजवर यादी उघडेपर्यंत वाट पाहिलीच नव्हती. प्रिस्का हसऱ्या चेहऱ्याने एकेक तक्रार लिहून घेत होती. वहीचं नाव कुणी काढलं नाही.