बिराजदार अण्णा आणि चपलांचे तळ

बिराजदार अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराबाहेरच्या चपला उलट्या करून बघत. माणसांकडे नंतर.

ही त्यांची कामाची पद्धत होती. अण्णा आमच्या कामगार पतपेढीचे चौकशीवाले. कुणी कर्जाचा अर्ज केला की सायकल काढून त्याच्या गल्लीत जायचं, दुकानदाराला, शेजाऱ्याला विचारायचं आणि माणूस कसा आहे ते लिहून द्यायचं. चपलांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "पगाराचा दाखला कारकून लिवतो. तळ मानूस सोता लिवतो की."

दुसरा त्यांचा नियम म्हणजे, चौकशीत चहा नाही. उंबऱ्याच्या आत पाऊलही नाही. पाणी सायकलच्या दांड्याला अडकवलेल्या फिरकीच्या तांब्यातलं, घरून आणलेलं.

मी कोकणातून आलेला, सहावीत शाळा सुटलेला, चादरीच्या कारखान्यात मागावर. इथे ना भाऊ, ना भावकी. आम्ही भाड्याने राहत होतो त्याच दोन खोल्या मालकांनी आम्हाला विकायचं कबूल केलं. हिच्या बांगड्या मोडून इसार दिला, बाकीच्या पैशांसाठी पतपेढीत अर्ज केला. महिनाअखेर खरेदीखत झालं नाही तर इसारही जायचा आणि खोल्याही.

अण्णा आले. माझी चप्पल उलटी केली. "टाच दोन्हीकडं सारकी. सरळ चालताय." हिची बघितली. "अंगठा तीनदा शिवलाय. जपून वापरत्यात." कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठनी छाती पुढे काढून माझी तारीफ केली. चार दिवसांत कर्ज मंजूर.

इथे गप्प बसायचं की नाही? पण कारखान्यात कुणीतरी म्हणालं, गावातली एक बँक एक टक्का कमी घेते. मी घाबरट माणूस. वीस वर्षं फेडायचंय, या विचाराने रात्री झोप येईना. पतपेढीला न सांगता तिकडे अर्ज टाकला.

त्या बँकेचाही माणूस चौकशीला आला. पँट घातलेला, वही घेऊन. चपलांकडे त्याने बघितलंही नाही, थेट शेठकडे गेला. शेठ म्हणाले, "परवाच एक येऊन गेला की. आता तुमी? मग कायतरी भानगड दिसतीय." झालं. संध्याकाळी शेठनी हिला उधार गूळ दिला नाही. दूधवाल्याने रोख मागितलं. बँकेने कागद परत केले, वर विचारलं, तिकडे मंजूर आहे तर इकडे कशाला? आणि हे सगळं पतपेढीच्या कानावर गेलं. मंजुरी थांबली. शेरा पडला: फेरचौकशी करावी.

खरेदीखताला जेमतेम दोन आठवडे उरले होते. मी त्या काळात पतपेढी, बँक, मालक अशा किती चकरा मारल्या ते माझं मलाच ठाऊक.

रविवारी सकाळी अण्णांची सायकल गल्लीत आली. नळावरच्या बायका घागरी तशाच ठेवून बघत राहिल्या. अण्णांनी माझी चप्पल उलटी केली.

"डावा तळ फाटाय आलाय. आठ दिवसांत लई पळापळ केली की."

मी सगळं कबूल केलं.

"एक टक्का वाचवाय गेला, त्यात पाप न्हाय," अण्णा म्हणाले. "पर आमाला सांगून जायाचं. आमीच पत्र दिलं असतं. मानसाची दोनदा चौकशी झाली की गल्लीला वाटतंय, पयल्यांदा कायतरी घावलं आसंल."

मग ते शेठच्या दुकानापुढे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेठ, ह्या मानसानं तुमचं कदी बुडवलंय का?"

"न्हाय बा."

"मग भानगड कुटं हाय? मानूस स्वस्त गूळ बघाय दुसऱ्या दुकानात जात न्हाय व्हय?"

शेठ खाली बघून तराजू पुसू लागले.

अण्णांनी उभ्या उभ्या, सायकलच्या सीटवर कागद ठेवून शेरा लिहिला. 'कर्ज द्यावे.' पाकिटाला थुंकी लावली, ते चिकटवलं, खिशात टाकलं. आणि सायकलला स्टँड लावून परत माझ्या दाराशी आले.

"चौकशी झाली. आता चहा टाका की, वयनी."

हिने लगबगीने चहाचं आधण ठेवलं. अण्णा चपला काढून उंबरा ओलांडून आत आले, सतरंजीवर मांडी घातली आणि बशीत चहा ओतून एवढा हळू प्याले, की मला वाटलं साखर कमी पडली असावी.

"झ्याक झालाय," ते म्हणाले. "बावीस वर्सं गावभर दारं हिंडतोय. मानसं चहा इचारत्यात ते कर्ज पायजे म्हणून. कर्ज मिळालं की मी दिसलो तरी रस्ता बदलत्यात."

हसत हसत म्हणाले. मीही हसलो.

पुढच्या शुक्रवारी खरेदीखत झालं. पण माझ्या ध्यानात राहिलंय ते त्या सकाळचंच. ते चहा पीत असताना मी हळूच बाहेर आलो आणि त्यांची चप्पल उलटी केली. टाच जवळजवळ नवी होती. सगळी झीज पुढे, बोटांखाली. दारात उभं राहून आत वाकून बघणाऱ्या माणसाची चप्पल.

मी ती होती तशी ठेवली आणि आत जाऊन हिला म्हणालो, "आणखी एक कप टाक. आणि अण्णांना जेवायला थांबायला सांग."