महादूची दुसरी खुर्ची

महादू भेटला की आधी माझ्या हातांकडे बघायचा. रामराम, खुशाली, पाऊसपाणी सगळं नंतर. "हात दाव," म्हणायचा, दहाही बोटं उलटीसुलटी करून बघायचा, आणि मगच मान वर करायचा. गावातल्या माणसांची नावं त्याला पटकन आठवत नसत, नखं आठवत. "त्यो रं, ज्येच्या अंगठ्याच्या नखाला चीर हाय," असं म्हणाला की आम्ही ओळखायचं, हा पाटलांच्या धाकट्याबद्दल बोलतोय.

एकदा आमच्या भावकीत एका मुलीला बघायला पाहुणे आले. महादू सहज ओट्यावर टेकला होता. पाहुणे गेल्यावर कुणीतरी गमतीनं विचारलं, "काय म्हादबा, कसा वाटला नवरा?"

"त्वांड काय मी बघितलं न्हाई. नखं मुळापतोर कुरतडल्यात. पोरगं भित्रं हाय."

सगळे हसले, लग्न झालं. पुढं तो जावई बायकोला न्यायला आला की सोबत चुलतभाऊ घेऊन यायचा. दरवेळी.

महादू आमच्या गावचा न्हावी. गाव तासगावपासून चार कोसांवर. आम्ही दोघं तिसरीपर्यंत एका पाटावर बसलो. पुढं मी शिकलो आणि त्याच्या हातात वस्तरा आला. लढाई ऐन भरात असताना तो पलटणीबरोबर न्हावी म्हणून गेला, इटलीपर्यंत जाऊन आला. शेहेचाळीस साली परत आला तेव्हा त्याची बायको तापानं जाऊन वर्ष झालं होतं. पत्र पोचलं नव्हतं. घराचं कुलूप त्यानं स्वतःच तोडलं. त्यावर तो कधी एक शब्द बोलला नाही. बोलायचा तो फक्त इटलीतल्या एका दुकानाबद्दल.

"फकस्त नखं गड्या! दाढी न्हाई, केस न्हाई, काय न्हाई. काचंच्या आत बाई बसलीया, म्होरं सायेब बसलाय, आन् बाई त्येची नखं घासतीया. पयलं कोमट पाणी, मग कानस, मग तेल. आन् सायेब पैसं द्येऊन वर थँक्यू म्हनतोय!"

असं दुकान तासगावात काढायचं, हे त्याचं ठरलं होतं. गावात हे कळलं तेव्हा जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आमच्याकडे न्हाव्याला सुगीत बलुतं म्हणून धान्य मिळायचं, त्यात घरादाराची वर्षभराची दाढी, डोकं आणि नखं आली. माझे वडील तर खवळलेच. "नखाचं पैसं मागतोस व्हय रं? उद्या शिंकंचं मागशील!"

"आवं तात्या, तुमची नखं बलुत्यातच. मी सांगलीच्या हळदीच्या पेठंतल्या मानसांचं म्हंतोय. नखं बघा की त्येंची, पिवळी ढम्म! जेवताना वरण कुटलं आन् बोट कुटलं कळत न्हाई. तासगावच्या बाजाराला येत्यात का न्हाई? ते आपलं गिऱ्हाईक."

दुकान काढायचं तर खर्चाचा अंदाज हवा. लिहायला मी. तेव्हा मी बाविशीचा, मॅट्रिक होऊन रिकामा. रोज दुपारी जेवणं झाली की महादू यायचा. मी ओट्यावर वही घेऊन बसायचो आणि तो अंगणात येरझाऱ्या घालायचा. बसून त्याला आकडा सुचतच नसे. तुळशीपासून गोठ्यापर्यंत गेला की एक वस्तू, गोठ्यापासून तुळशीपर्यंत आला की तिची किंमत. "लिव्ह. टावेल, बारा." "बारा कशाला? सहा पुरतील." "बारा म्हंजे बारा. सा वाळत, सा हातात." तापल्या मातीत त्याच्या पलटणीच्या बुटांनी वाट पडली होती. आईला सडा घालताना ती मोडवत नसे.

स्टोव्ह, तांब्याचं भांडं, आरसा, मुंबईच्या कानशी, टेबल, बदामाचं तेल, दारावरची पाटी. रोज यादी वाढायची आणि दुसऱ्या दिवशी महादू ती खोडायला लावायचा. एकदा तर सगळंच कोसळायची वेळ आली. मी सहज म्हणालो, "म्हादू, शनिवारी नखं काढत नाहीत." तो गोठ्याशी थबकला. मग आम्ही दोघं पंचांग घेऊन बसलो. शनिवार गेला. सोमवार गेला. अमावास्या, एकादशी, ग्रहण, सुतक, आणि दिवेलागणीनंतर तर कुणीच नखं काढत नाही.

"इटलीत शनवार नसतोय व्हय?" मी विचारलं.

"असतोय. पर त्येला कुणी भीत न्हाई."

मग त्यानं तोड काढली. "शनवारी नखं काढायची न्हाईत. बुडवायची. नुसतं कोमट पानी आन् तेल. त्येला शास्त्राची हरकत न्हाई. लिव्ह."

या सगळ्यात एक ओळ त्यानं कधी खोडू दिली नाही. 'खुर्च्या दोन, चौदा रुपये.' लढाईनंतर सरकारी सामानाचा लिलाव झाला होता, त्यातून त्यानं त्या आधीच आणलेल्या. शिसवी रंगाच्या, हाताच्या, अगदी जुळ्या. मी म्हणायचो, "अरे, गिऱ्हाईक एका वेळी एक. दुसरी खुर्ची कुणाला?"

"मला."

"तुला खुर्ची कशाला? तू उकिडवा बसतोस की."

"ती बाई सायबाच्या म्होरं खुर्चीवर बसलीवती," तो म्हणायचा आणि चालायला लागायचा. "लिव्ह म्होरं."

त्याच्याकडे पलटणीचे एकशे ऐंशी रुपये होते. उसनं काढायचं नाही, हा नेम. "उसन्या बुटात कवायत हुत न्हाई गड्या." आणि सहा महिने एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी भाडं भरता आलं पाहिजे, हा दुसरा नेम. सामानाची बेरीज एकशे तीस झाली. उरली जागा. तासगावला मोटारस्टँडजवळ माझ्या अण्णामामाचा एक गाळा रिकामा होता. मामा राहायचे आमच्याच गावात.

"तू इचार," महादू म्हणाला. "मी इचारलं तर वस्तरा गळ्याशी धरून इचारल्यावानी हुईल."

मी विचारलं. मामा म्हणाले, महिना आठ रुपये.

आता जे लिहायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, ते लिहितो. माणसाला दुसऱ्याच्या लग्नाची यादी करता करता स्वतःच्या लग्नाची घाई होते, तसं माझं झालं होतं. महिनाभर वस्तू आणि किमती लिहून लिहून मलाच दुकानाची खाज सुटली होती. नखांचं नाही. पाट्या, पेन्सिली, वह्या, शाई. रात्री अंथरुणावर मीसुद्धा मनातल्या मनात तुळशीपासून गोठ्यापर्यंत चालायला लागलो होतो. आणि तासगावात शाळेच्या वाटेवर तेवढा एकच गाळा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी महादू आला. मी वहीतून मान वर न काढता म्हणालो, "बारा म्हणतात."

तो चालायला लागला. सहा महिन्यांचे बहात्तर. बेरीज दोनशे दोन. बावीस जास्त. त्यानं आरसा खोडायला सांगितला. "नखं बघाया आरसा कशाला?" बारा रुपये वाचले. पाटी खोडली, पाच वाचले. "अजून पाच," मी म्हणालो. तो खूप वेळ चालला. टॉवेल कमी करेना, महिने कमी करेना. मला वाटलं, पाच रुपयांसाठी हा काहीतरी सोडेल आणि माझं फसेल. म्हणून मीच म्हणालो, आणि काय म्हणालो ते मला पक्कं ठाऊक होतं, "दुसरी खुर्ची वीक. सात रुपये येतील. बसलं गणित."

महादू उभा राहिला. मधोमध. महिनाभरात प्रथमच.

"ती न्हाई," तो म्हणाला. "एका खुर्चीचं दुकान तर आपलं हायच की गड्या. गावभर." आणि मग, "ऱ्हाऊ दे. फाड त्यो कागद."

मी फाडला नाही. त्याच कागदाच्या पाठीवर मी माझ्या दुकानाचा अंदाज मांडला. वडिलांनी पैसे दिले, मामांनी गाळा दिला, आणि सत्तेचाळीसच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माझं दुकान उघडलं.

उद्घाटनाला महादू आला, डोक्यावर एक खुर्ची घेऊन. "दुकानाला खुर्ची लागतीया," म्हणाला. घेऊ नको म्हणायला मला तोंड नव्हतं आणि घ्यायलाही नव्हतं. घेतली. त्या खुर्चीवर मी बावन्न वर्षं बसलो आणि एकदाही स्वस्थ बसलो नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, मालक फार चपळ, सारखे उठतात.

दर बाजारादिवशी महादू यायचा. "हात दाव." मी खुर्चीवर, तो पायरीवर उकिडवा, नराणी काढून माझी नखं काढायचा. नराणी म्हणजे त्यांचं नखं काढायचं हत्यार. पैसे घ्यायचा नाही. पुढं दुकानात बाकडं आलं, दोन स्टुलं आली. मी त्याला कधी "वर बस" म्हणालो नाही. म्हटलं असतं तर त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं असतं.

गावात मात्र एक म्हण पडली. कुणाचं गणित जुळलं नाही की लोक म्हणायचे, "ह्यो म्हादूचा हिशेब." लग्नात बुंदी कमी पडली, म्हादूचा हिशेब. विहिरीला दगड पुरले नाहीत, म्हादूचा हिशेब. अजून म्हणतात. माझा नातूसुद्धा म्हणतो. महादूचा हिशेब पैचाही चुकलेला नव्हता. दोन रुपये शिल्लक राहत होते.

गुडघे गेले तसं त्याचं येणं थांबलं. दुकान मुलाकडे देऊन मीही तासगावातल्या घरी बसलो. गेल्या वर्षी मात्र राहवेना. खुर्ची उचलली आणि गावाकडच्या एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, जागा हाय की, खुर्ची कशाला आणली?" त्यानं खुर्चीचं लगेजचं तिकीट फाडलं.

महादू ओसरीवर होता. त्याची खुर्ची भिंतीशी, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल. तो खाली बसलेला. मी माझी खुर्ची तिच्यासमोर मांडली, त्याला धरून वर बसवला आणि समोर बसलो. इतक्या वर्षांनी दोन्ही खुर्च्या एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या. तो जरा बावरला. खुर्चीच्या हातांवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "हात दाव."

मी हात दिला. त्यानं तो आपल्या गुडघ्यावर घेतला. कनवटीची नराणी काढली.

"म्हादू, तो गाळा आठ रुपयांना होता."

"हात हलवू नगं."

"मी बारा सांगितले तुला."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तुजं दुकान उगडलं त्याच आठवड्यापासनं. अण्णाची दाढी कोन करीत हुतं रं? भाच्याला जागा आठात दिली म्हनून सारखं फुगत हुतं. गाल फुगवलं की वस्तरा बरा चालतोय."

"मग बोलला का नाहीस? इतकी वर्षं माझी नखं काढत होतास."

त्यानं अंगठ्याचं नख काढून टॉवेलात टिपलं. उजेडाकडे धरून माझा हात एकदा नीट बघितला.

"बोललो असतो तर तू हात दिला असतास व्हय?" तो म्हणाला. "घरात कोन हुतं माजा हात धराया?"

माझे पाय, कधी नव्हे ते, त्या खुर्चीवर स्वस्थ होते.

"आता दुसरा दे," महादू म्हणाला.