दाढांची बेगमी

दंतवैद्यकाच्या कॉलेजांची फी दातांत भरावी लागते, हे वसंतराव देवणीकरांना पहिल्यापासून माहीत होतं. पण स्वतःच्या मुलीचा नंबर लागेपर्यंत त्यांनी त्यावर कधी विचार केला नव्हता. इंजिनिअरिंगवाले पैसे घेतात, वकिलीवाले पैसे घेतात, दंतवैद्यकवाले दात घेतात. दात घरच्यांचे किंवा जवळच्या नात्यातले असावे लागतात. विद्यार्थ्याचे स्वतःचे चालत नाहीत, कारण बोळक्या डॉक्टरकडे पेशंट फिरकत नाही, आणि हे कारण नियमातच दिलेलं आहे.

वसंतरावांचं लातूरच्या गंजगोलाईजवळ कापडाचं दुकान होतं, आणि त्यांचे दात हा दुकानाचा अर्धा कारभार होता. ताग्यातून कापड मोजायचं, कड पुढच्या दातांत धरून एक चावा मारायचा आणि टर्रकन फाडायचं. दुकानात कात्री नव्हती. त्यांचे वडील तात्या गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून नव्हती. तात्या आता अठ्ठ्याहत्तरीचे झाले होते आणि त्यांच्या तोंडात एक ढिली कवळी होती, ती जेवताना वरणात पडायची. घरात ऊस आला की सगळे अंगणात बसून सोलून खात आणि तात्या दुधात भाकरी कुस्करत त्यांच्याकडे बघत बसत. वसंतरावांची मुलगी शर्वरी लहानपणी म्हणायची, "तात्या, मी तुम्हाला ऊस सोलता येईल अशी कवळी करून देणार." लहान मुलं काहीही बोलतात आणि विसरतात. ही विसरली नाही. बारावीनंतर तिनं दंतवैद्यकच धरलं, आणि पुढे स्पेशलायझेशन करायचं तेही कवळ्या बसवण्याचंच, हे सांगून मोकळी झाली. वसंतरावांचा वैताग तिथून सुरू झाला.

प्रश्न दोन कॉलेजांचा होता. एक पुण्याकडचं रत्नेश्वर, ज्याचं नाव घेतलं की लोक जरा सरळ बसायचे. दुसरं गावाबाहेरच्या माळावरचं, ज्याचं नाव पाटीवर होतं पण सगळे त्याला माळावरचं कॉलेजच म्हणत.

वसंतराव आधी मुलीला घेऊन रत्नेश्वरला चौकशीला गेले. प्रवेशाच्या खिडकीशी एक बाई बॅटरी घेऊन बसल्या होत्या.

"आ करा," बाई म्हणाल्या.

"प्रवेश मुलीचा आहे," वसंतराव म्हणाले.

"फी तुमची आहे ना? मग आ करा."

वसंतरावांनी आ केला. बाईंनी बॅटरी फिरवली, आरशाने मागच्या दाढा पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली. "माल उत्तम आहे. आमच्याकडे वर्षाला आठ, चार वर्षं. त्यांतल्या निम्म्या दाढा. किडका, सिमेंट भरलेला किंवा मशेरी लावलेला दात घेत नाही. वसुली स्वतः प्रोफेसर करतात, त्यामुळे पालकांना कळतही नाही."

"आणि स्पेशलायझेशन?"

"त्याला आमच्या विद्यार्थ्यांना फार वाव आहे. त्याची फी वेगळी. आईवडिलांच्या मिळून वीस दाढा, एकरकमी. दुसऱ्या कुणाच्या चालत नाहीत."

वसंतरावांनी मनात हिशेब केला. त्यांच्या अकरा आणि बायकोच्या, उषाताईंच्या, नऊ, म्हणजे बरोब्बर वीस. "पण बाई, निम्म्या दाढा तुम्ही पहिल्या चार वर्षांतच घेणार. मग वीस राहतील कुठून?"

"बरेच पालक तिथेच अडकतात," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला आ करायला सांगितलं.

माळावरच्या कॉलेजात चौकशीला कुणी बॅटरी लावली नाही. तिथल्या कारकुनाने सांगितलं की चारही वर्षांचे मिळून आठ दात, कसलेही. किडके चालतील, हलणारे चालतील, अर्धे तुटलेलेही चालतील. फक्त वसुली विद्यार्थी करतात, कारण त्यांनाही हात बसवायला काहीतरी हवं.

वसंतरावांच्या घरी त्या रविवारी बैठक बसली. बैठक म्हटलं की उषाताईंचे भाऊ बालाजीमामा आलेच. मामांच्या स्वतःच्या मुलाने इंजिनिअरिंग केलं होतं, त्यामुळे त्यांची बत्तीशी शाबूत होती आणि ती सगळी दाखवत ते बोलत होते.

"दाजी, नाव बघा, नाव. माळावरच्या कॉलेजातून आलीय म्हटल्यावर पोरीपुढं तोंड कोण उघडणार?"

"नाव घ्यायला माझी हरकत नाही," वसंतराव म्हणाले. "रत्नेश्वरला बत्तीस दात लागतात. तुमचे किती धरू?"

मामांनी ताबडतोब तोंड मिटलं. मग त्यांना आठवलं की आपले दात अलीकडे फार ठणकतात, गार पाणीसुद्धा सोसत नाही, आणि अशा संवेदनशील दातांनी भाचीच्या शिक्षणाला सुरुवात करणं बरं दिसणार नाही. उषाताईंनी भावाच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. वसंतरावांना तोही एक अन्यायच वाटला.

तात्यांनी मात्र कवळी काढून ताटाशेजारी ठेवली आणि पुढे सरकवली. ती चालत नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

मग कुसुमआत्या बोलल्या. त्या तात्यांच्या धाकट्या बहीण, औशाला राहायच्या. त्यांनी जन्मभर मशेरी लावलेली, त्यामुळे सगळे दात काळेभोर. "वसंता, माझे घे की रे. रत्नेश्वराला न्हाई चालत ना? मग माळावर दे. मला आता काय, मऊ भात लागतोय. आणि मी काय फुकट देत न्हाई, आहेर म्हणून देतेय. माझ्या घरचं काही निघालं तर तू करशीलच."

"करीन की, आत्या," वसंतराव म्हणाले. त्या वेळी त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

तरीही त्यांचं मन डळमळत होतं. रत्नेश्वर सोडणं म्हणजे मुलीच्या आयुष्याला कायमची माळावरची पाटी लावणं. शेवटी ते शेजारच्या घोणसीकर सरांकडे गेले. सरांचा मुलगा रत्नेश्वरचा. पदवी मोठी मिळाली, पण स्पेशलायझेशनच्या वेळी सरांच्या आणि त्यांच्या बायकोच्या तोंडात मिळून चारच दाढा उरल्या होत्या. आता तो दुसऱ्याच्या दवाखान्यात दुसऱ्याच्या खुर्चीशी उभा राहून लोकांचे दात घासून देत होता. सर बोलताना ज्यांना दात लागत नाहीत असेच शब्द निवडत. वसंतरावांनी सगळी कहाणी सांगितली आणि विचारलं, काय करू?

"मग बघा की, बुवा," सर म्हणाले आणि पेजेची वाटी तोंडाला लावली.

वसंतरावांनी त्या वाटीकडे बघून निर्णय घेतला. पदवी माळावर, आत्याच्या दातांवर. आपल्या आणि उषाच्या दाढा राखून ठेवायच्या, आणि स्पेशलायझेशनला रत्नेश्वर गाठायचं. हिशेब चोख होता. त्याला बालाजीमामांनी चूड लावली.

पहिला हप्ता भरायच्या दिवशी मामा नवा शर्ट घालून कॉलेजात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दाजी, पहिला मान बापाचा असतो. आत्याबाईंचा दात आधी गेला तर लोक म्हणतील, बापाचा जीव होत नव्हता."

आत्यांनाही ते पटलं. उषाताईंनी तर हळदकुंकवाचं ताटच आणलं होतं. वसंतरावांच्या कपाळाला कुंकू लागलं, हातात नारळ आला आणि मानाच्या माणसाला जसं नाही म्हणता येत नाही तसं त्यांनाही आलं नाही. ठीक आहे, एक पुढचा दात, खालचा, कडेचा, असं त्यांनी आधी खुर्चीवर बसतानाच सांगितलं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मान डोलावली आणि घामाने निथळत, दोन्ही पाय खुर्चीला लावून, त्यांची एक धडधाकट दाढ उपटली.

"अरे, पुढचा म्हटलं होतं ना?" तोंडातल्या कापसाआडून वसंतराव ओरडले.

"काका, पुढचे दात आम्हाला पुढच्या टर्मला आहेत," विद्यार्थी म्हणाला. "सध्या दाढाच झाल्यात."

वसंतराव नारळ हातात तसाच धरून कारकुनाकडे गेले.

"जादा भरणा झालाय," कारकून म्हणाला.

"मग दाढ परत द्या. मी पुढचा दात देतो."

"दाढ या हेडखाली आमच्याकडे काही येत नाही. आम्ही ती किरकोळमध्ये जमा केली. किरकोळमधून परत देता येत नाही."

वसंतरावांनी वरच्या साहेबांना भेटायची मागणी केली. वरचे साहेब भेटले, त्यांनी ऐकून घेतलं आणि दाढ पाहून तिचं कौतुक केलं. दाढ किरकोळमध्येच राहिली.

पुढची चार वर्षं आत्या ठरल्या वेळी औशाहून येत, दात देत, मऊ खिचडी खात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. शर्वरी शिकत गेली. शेवटच्या वर्षी आत्यांचा दात तिनेच काढला आणि आत्या म्हणाल्या की कळलंसुद्धा नाही. ती कॉलेजात पहिली आली, आणि कवळ्यांच्या स्पेशलायझेशनला तिचं नाव थेट रत्नेश्वरच्या यादीत लागलं.

खिडकीशी त्याच बाई होत्या. त्यांनी आधी उषाताईंच्या, मग वसंतरावांच्या तोंडात बॅटरी मारली. "एकोणीस. एक कमी आहे."

वसंतरावांनी मान, नारळ, विद्यार्थी आणि किरकोळ असं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं. असे प्रकार माळावर होतात, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा बॅटरी लावली. "खाली डावीकडे तुमची अक्कलदाढ अजून आलेली नाही. महिनाअखेरपर्यंत आली तर धरू. पण पूर्ण वर आलेली हवी."

छप्पन्न वर्षांच्या माणसाने दाढ यायची वाट बघायची, याइतकी वैतागाची गोष्ट वसंतरावांनी आयुष्यात अनुभवली नव्हती. रोज सकाळी चहा झाला की तात्या, उषाताई आणि शर्वरी त्यांच्यासमोर रांगेने उभे राहत आणि ते आ करत. गिऱ्हाईकंसुद्धा साडी बघता बघता विचारत, "आली का हो?" बालाजीमामांनी फोन करून सांगितलं की ताण घेऊ नका, ताणाने दाढ आत जाते, आणि शिवाय मी तेव्हाच म्हणत होतो, नाव बघा. वसंतरावांनी फोन ठेवला आणि हातातला रुमाल दातांनी उभा फाडला.

तिसऱ्या आठवड्यात शर्वरीने आरसा खाली ठेवला. "बाबा, राहू द्या. मी साधा दवाखाना टाकते. दात काढते, सिमेंट भरते. तेही वाईट नाही."

"तुला कवळ्या करायच्यात ना?"

"करायच्यात."

"मग गप्प बस. आत्याचे सात दात गेलेत. माझी एक दाढ फुकट गेलीय. आता ही येणार नाही म्हणजे काय? माझ्याच तोंडात आहे ती."

त्यांचा आवाज चढला होता, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागाचं नव्हतं. शर्वरीने ते पाहिलं आणि आरसा पुन्हा हातात घेतला. दुसऱ्या दिवशी वसंतरावांचा गाल सुजला. त्यांना ताप भरला, ठणका कानापर्यंत गेला, आणि घरात सणासारखा आनंद झाला. उषाताईंनी शिरा केला. महिनाअखेरीला दाढ पूर्ण वर आली. बाईंनी तिच्यावर बॅटरी मारली, बोटाने हलवून बघितली आणि म्हणाल्या, "वीस."

वसुली प्रोफेसरांनी केली, आणि खरंच कळलं नाही. नावात काहीतरी असतं, हे वसंतरावांनी तेवढ्यापुरतं मान्य केलं.

शर्वरीने शिक्षण संपवून लातुरात दवाखाना टाकला आणि पहिली कवळी तात्यांना बसवली. त्या हिवाळ्यात तात्यांनी अंगणात बसून अख्खा ऊस सोलून खाल्ला. वसंतराव आणि उषाताई शेजारी बसून दुधात भाकरी कुस्करत होते. फीत गेलेल्या दाढेच्या जागी पाच वर्षं दुसरी दाढ बसवता येत नाही, नाहीतर ती फी समजली जात नाही, असा नियम आहे.

"गोड आहे," तात्या म्हणाले.

"खा तुम्ही. हळू खा," वसंतराव म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं, आणि तात्या चघळताना फार आवाज करतात म्हणून वैतागही येत होता.

एक गोष्ट मात्र शाबूत होती. पुढचे दात. वसंतराव अजूनही कड चावून कापड टर्रकन फाडत, आणि दुकानात अजूनही कात्री नव्हती.

पुढच्या जूनमध्ये कुसुमआत्या दुकानात आल्या. हातात पेढ्यांचा पुडा होता. वसंतराव एका बाईला ब्लाउजचं कापड मोजून देत होते.

"वसंता, भार्गवीचा नंबर लागला बघ. माझी नात. दातांच्या डॉक्टरकीला."

वसंतरावांच्या हातातलं कापड तसंच राहिलं.

"कुठलं कॉलेज?"

"ती म्हणतेय रत्नेश्वर. म्हटलं, वसंतालाच विचारू. तुला सगळं ठाऊक." आत्यांनी पेढा वसंतरावांच्या हातावर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "दाढा घरच्याच पुरतील. पुढचे कमी पडतेत."

गिऱ्हाईक बाई दोघांकडे बघत उभ्या होत्या. वसंतरावांनी पेढा तोंडात टाकला. तो मऊ होता, पुढच्या दातांनीही खाता आला. आत्याचे काळे दात एकेक करून कसे गेले ते त्यांना आठवलं, आणि खिचडी खाऊन त्या कुरकुर न करता कशा परत जायच्या, तेही.

"वसुली कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"आषाढात."

वसंतरावांनी हातातल्या कापडाची कड चावली, फाडली आणि घडी करून बाईंच्या हातात दिली. मग त्यांनी आत्याला बसायला सांगितलं, वरच्या फळीवरचे सगळे तागे खाली ओढले, आणि पुढच्या वर्षभराचे ब्लाउजपीस एकेक करून फाडायला सुरुवात केली.