पडलेल्या शब्दाला तालीम मिळेना

दोन शब्दांतला फरक समजायला बुद्धी लागते, हा गैरसमज आहे. कोल्हापुरात त्याला दोन बाजू लागतात.

शिवाजी पेठेतल्या शिफाची जर्मनीतल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी ठरली होती. भाषेची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. (पेठेतल्या कुस्तीच्या तालमीनं तिच्या फोटोसह 'जर्मनीस रवाना' असा फलक चौकात आधीच लावला होता, परीक्षेसारख्या किरकोळ बाबीसाठी कुणी फलक अडवून धरत नाही.) तिचं घोडं अडलं होतं दोन शब्दांवर. 'लेगेन' म्हणजे आडवं करणं, 'लीगेन' म्हणजे आडवं असणं. नर्सला दोन्ही रोजचंच, आणि शिफा रोज दोन्हींची अदलाबदल करायची.

शिकवणीचे मृत्युंजय सर तरुणपणी लाल मातीत घुमलेले. ते म्हणाले, "सोप्पं हाय की! लेगेन म्हंजे पाडणारा, लीगेन म्हंजे पडल्याला. एकेक शब्द एकेका तालमीला देऊन टाकू. मग चुकशील व्हय?"

'लेगेन' शिफाच्या तालमीनं हलगी लावून घेतला. 'लीगेन' कुणीतरी दत्तक घ्यावा म्हणून अकरा तालमींना पत्रं गेली. सात तालमींनी नकार कळवला, तिघांनी पाकीट न फोडताच परत धाडलं, आणि एका तालमीनं पत्र नेणाऱ्याला पोटभर मिसळ घालून विचारलं, "पावणं, पडल्याला आमाला देतायसा? पुन्यांदा इकडं येऊ नगासा."

तेव्हा तालमीचे अध्यक्ष बाळासो यांनी सभा बोलावली. ठराव एकमतानं मंजूर झाला : पेठेच्या हद्दीत 'लीगेन' या शब्दाचा उच्चार करण्यात येऊ नये, केल्यास तो उभ्यानं करावा.

परिणाम असा झाला की शिफाला फरक कायमचा पाठ झाला. ज्या शब्दावर बंदी आली तो विसरणार कसा?

परीक्षेला तिच्यासोबत दोन जीपगाड्या गेल्या, हलगीसकट. दारात बाळासो म्हणाले, "पोरी, काय बी बोल, पर आपला माणूस पडलाय असं त्या साहेबाला कळता कामा न्हाय. पेठेच्या इज्जतीचा सवाल हाय."

आत परीक्षकानं चित्र पुढं सरकवलं. खाटेवर एक म्हातारा. काय करतोय? शिफाला उत्तर येत होतं. तिला नोकरी दिसली, चौकातला फलक दिसला, दारातल्या दोन जीपगाड्याही दिसल्या. तिनं डोळे मिटले आणि सांगून टाकलं : म्हातारा पडून आहे.

पास झाली. बाहेर आली.

"काय म्हणालीस त्येला?"

"पडलाय म्हणाले, काका."

हलगी थांबली. बाळासोंचे कान तांबडे झाले. शिफा घाईनं म्हणाली, "पर म्हातारा सांगलीचा हुता."

"आगं मग आधी सांगायचं न्हाय व्हय! वाजीव रं!"

फलक अजून चौकात आहे. खाली बारीक अक्षरात भर घातली आहे : 'म्हातारा परगावचा.' शिफा जर्मनीत आहे. तिकडं म्हणे पडलेला माणूस विचारल्यावर सरळ पडलोय म्हणून सांगतो. तिला सुरुवातीला फार अवघड गेलं.

हसलात? हे तुम्ही आडवे पडूनच वाचताय. आत्ता फोन वाजला तर 'जरा कामात आहे' असंच सांगाल. फक्त आधी घसा खाकरून घ्या; आडव्या माणसाचा आवाज लगेच कळतो.