जाळी लागलेली ज्वारी

शेजाऱ्यांकडे किडकी ज्वारी मागत फिरणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. वणीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे रशीदचाचा. साठ-बासष्ट सालची गोष्ट. मी तेव्हा नवी नवरी, अक्कल यायची होती, तोरा आधीच आला होता.

"बाई, तुमच्या ज्वारीले जाळी लागली का?" पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं. मला वाटलं, माझ्या संसाराची झडती घ्यायला आले. "आमच्या घरी नाही लागत," म्हटलं, आणि दिवसभर ज्वारी चाळत बसले. किडकी निघाली ती पदराखाली लपवून त्यांनाच नेऊन दिली. जणू बासुंदी नेली, असे खूश झाले.

चाचा कपाशीच्या सरकारी शेतावर कामाला. ज्वारीत ती जाळी करणाऱ्या पाकोळ्या वाढवायच्या आणि त्यांच्या अंड्यांवर एक इवलीशी माशी सोडायची. ती आपलं अंडं त्या अंड्यातच घालते, मग पाकोळीऐवजी माशी बाहेर पडते. पुढे कपाशीवर हीच माशी बोंडअळीची अंडी संपवते. शेतावर जागा पुरेना, म्हणून पाकोळ्यांच्या पेट्या घरात. आम्ही दार जरा जोरात लोटलं की आतून आवाज यायचा, "आहिस्ता, बाई. लेकरं झोपले आहेत."

त्याची नक्कल करून मी गल्लीभर हशा पिकवायची.

त्यांचं स्वतःचं लेकरू केळापूरला होतं. बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तान्ही मुन्नी त्यांनी भावजयीच्या ओटीत टाकली. ती काकालाच अब्बा म्हणे. यांना, आम्हा सगळ्यांसारखं, चाचा. आता शाळेला तिला इथे ठेवायचं आणि मग हळूच सांगायचं, असं दोघा भावांत ठरलं. चाचांनी घराला चुना लावला, पेट्या परसात हलवल्या, माझ्याकडून रिबिनी नेल्या.

भावाबरोबर मुन्नी आली, ती थेट पेट्यांकडेच गेली. चाचा तिला सगळं समजावून सांगत होते. मी कुंपणापलीकडे वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालत ऐकत होते.

"फिर वो मक्खी किसकी हुई, चाचा?"

चाचांनी झाकण नीट बसवलं. "जिसके घर में पली, उसकी."

संध्याकाळी ती रडायला लागली. "मेरेकू अम्मी के पास जाना." भाऊ म्हणाला, "दो दिन रोयेगी, फिर रह जायेगी." चाचांनीच तिची पिशवी भरली. रिबिनी वर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन गेले. हात भरलेले, म्हणून दार पायानं लोटलं. ते धाडकन भिंतीवर आपटलं. मी जीभ चावून उंबऱ्यातच थांबले, नेहमीचा आवाज येईल म्हणून.

चाचा चुलीपुढे बसले होते.

"या, बाई," ते म्हणाले. "अंदर कोणी झोपलं नाही."