तिरोडकरकाकांचा मीटर

तिरोडकरकाका आमच्याकडे आले की बसायच्या आधी खिशातून मीटर काढून समोरच्याच्या नाकाजवळ धरत. तोही डॉक्टर नाडी बघतो तितक्या गंभीर चेहऱ्यानं. मीटर उजेड मोजायचा होता. तळहातात मावेल एवढा. उजेड पडला की त्यातला बारीक काटा वर सरके. काकांचा मुलुंड स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता, आणि जन्मभर लोकांना दिव्यापुढे बसवून एक नियम त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता.

नव्या माणसाला ते हटकून विचारत, दिव्यापासून दुप्पट लांब गेलास तर उजेड किती उरेल? माणूस निम्मा म्हणाला की काका खूश. "निम्मा नाही, चौथाई." मग समजावणं सुरू. बादलीतला चुना तेवढाच, पण भिंत लांबीला दुप्पट आणि उंचीलाही दुप्पट. म्हणजे चार भिंती झाल्या, चुना पातळच बसणार. तिप्पट लांब गेलास तर नऊ भिंती. उजेड असाच पसरत पातळ होतो. मी कॉमर्सचा माणूस, पण मला हे एका दमात कळलं, म्हणून काकांचा माझ्यावर जीव.

हा नियम ते कशालाही लावत. माझी सासू विक्रोळीहून सांताक्रूझला राहायला गेली तेव्हा त्यांनी बायकोदेखत माझं अभिनंदन केलं. अंतर दुप्पट, त्रास चौथाई. बायको कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. जिन्यात अंधार पडतो अशी तक्रार झाली, तेव्हा काकांनी जास्तीचा दिवा लावू दिला नाही. आहे तोच बल्ब वायर सोडून निम्म्या उंचीवर आणला. खाली चौपट उजेड पडला हे खरं, पण आमचे सेक्रेटरी चांगले उंच, आणि त्यांचं कपाळ रोज त्या बल्बवर आपटू लागलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांनी त्यांना वाकून चालायचा सल्ला दिला.

या सगळ्यावर हसायला सुलोचनाकाकू होत्या. स्टुडिओचं निम्मं काम त्याच करत. घरात मागच्या खोलीत स्टुलावर बसून निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवायच्या आणि लोकांच्या तोंडावरचे डाग, मुरुमं घालवायच्या. सोसायटीतल्या कितीतरी मुलींची लग्नं त्या पेन्सिलीनं जमली. काकू थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेल्या, आणि काकांनी स्टुडिओला कुलूप घातलं ते कायमचं.

त्यांची मुलगी मंदा नाशिकला. काकांकडे फोन नव्हता, म्हणून ती आमच्याकडे फोन करून त्यांना वरच्या मजल्यावरून बोलावून घ्यायची. बाबा, इकडे या, एकटे राहू नका. काका दर वेळी एकच सांगत, "अजून काटा हलतोय." ती रडत फोन ठेवायची. आम्ही समजलो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

एके दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. सगळ्या खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, दाराच्या फटीत लुंगी कोंबलेली. आत स्वतःचा हात दिसेना. फक्त दोन हिरवे ठिपके दिसत होते. जुन्या गजराच्या घड्याळातलं रेडियम खरवडून काकांनी मीटरच्या काट्याला आणि शून्याच्या खुणेला लावलं होतं. एवढ्या अंधारात काटा शून्यावर पडून राहायला हवा, दोन ठिपक्यांचा एक व्हायला हवा. ते लांब लांब होते.

गॅस संपला हे सांगावं तसं काकांनी मला सांगितलं. काकूंच्या स्टुलाला गाठी मारलेली सुतळी बांधली आहे. दुप्पट गाठी मागे गेलं की काटा बरोबर चौथाईवर येतो. म्हणजे उजेड स्टुलावरून येतो. म्हणजे ती अजून तिथं बसते.

"नाशिक केवढं लांब रे," ते म्हणाले. "तिथून तिचं काय उरणार मला?"

आजवर ते का जात नव्हते ते तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

पण आज मला बोलावण्याचं कारण निराळं होतं. सकाळपासून नियम चुकत होता. काका सुतळी चाचपत मागे सरकू लागले, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. खोली संपली, स्वयंपाकघर आलं, तरी ठिपके जवळ येईनात. मी म्हटलं, काका, मीटर अडकला असेल.

"मग तू घेऊन जा. मला माझ्यापासून लांब जाता येत नाही ना."

त्यांना ओट्याजवळ सोडून मी मीटर घेऊन स्टुलाकडे निघालो. काटा उतरू लागला. स्टुलाशी पोचलो तर दोन ठिपक्यांचा एक झाला होता. स्टुलावर काहीच नव्हतं. मागे वळलो, आणि काकांकडे जावं तसा काटा पुन्हा चढत गेला. शेवटची दोन पावलं टाकायला माझे पाय तयार होईनात. मी हात लांब करून मीटर त्यांना दिला.

काकांनी मीटर डोळ्यांशी धरला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नियम कुठला चुकतोय मेल्या. काटा उतरत नाही, म्हणजे अंतरच वाढत नाही. उठली रे ती स्टुलावरनं. माझ्याबरोबर चालतेय."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आजही नाही. पण त्या काळोखात, भीती वाटत असतानाही, मला मनापासून बरं वाटलं.

संध्याकाळी काकांनी आमच्याकडून मंदाला फोन केला. येतो म्हणाले, खोली मोठी असली तर बरं. चहाला नको म्हणून उठले. चपला घालून उंबऱ्याबाहेर गेले, पण जिना चढले नाहीत. एका हातानं दार धरून, अंग चोरून थोडे बाजूला उभे राहिले, घराकडे न बघता. मग मान हलवून सावकाश निघाले.

बायकोनं विचारलं, काका थांबले कशाला. मी दार लावायला उठलो. पण मलाही ते दार लगेच लावून घेववेना.