निर्जंतुक विरजण

माझ्या दीड वर्षाच्या लुंबिनीला घरीच लावलेलं दही द्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. आठवडाभर तिचं पोट बिघडलेलं; डॉक्टर म्हणाले, ताजं दही द्या. का, ते मी मोबाइलवर वाचून काढलं (न वाचता मी तिला पाणीही पाजत नाही). दह्यातले चांगले जंतू आम्ल आणि कसकसली द्रव्यं तयार करतात, आणि त्यानं वाईट जंतू मरतात.

सासूबाईंनी गावाहून, लोह्याहून, विरजणाचा डबा आणला. एसटीतून, उन्हातून, शेंगांच्या पिशवीखालून! मी थोडं विरजण काढून दुधाच्या बाटल्यांसोबत कुकरात घातलं. शिट्ट्या होऊ दिल्या, मग निवलेल्या दुधाला लावलं.

सकाळी दूध ते दूधच.

"थंडी असंल," आनंदराज म्हणाले. (नांदेडात. एप्रिलमध्ये. नवरे अशानंच टिकतात.)

मला वाटलं, वाईट जंतू उरले असणार. म्हणून संध्याकाळी उरलेलं सगळं विरजण कुकरात घातलं आणि शिट्ट्या वाढवल्या. सासूबाईंनी झाकण उचललं.

"धम्मप्रिया, हे काय शिजवून राहिलीस माय?"

"विरजण. निर्जंतुक करतेय, आत्याबाई."

"आन् मंग पोरीच्या पोटातल्या वाईटाला मारनार कोन? तू?"

मी कुकरात पाहिलं. सगळे सज्जन मीच मारले होते, आणि लुंबिनी तिसऱ्यांदा दुपटं भरवून रडत होती. वाटी घेऊन शेजारच्या शांतम्माकडे धावले. तिचा दिवा लागलेला.

"दिवे लागल्यावर विरजण घराभाईर देत न्हाई ओ."

"शांतम्मा, पोरीचं पोट हो!"

"मंग पोरीला आना की! विरजण भाईर जात न्हाई, पोरगी आत येती का न्हाई?"

पोरगी आत गेली, मांडीवर बसली आणि शांतम्माच्या बोटावरचं दही चाटायला लागली.

"हात धुतलाय ना?" मी विचारलं.

"धुतलाय की. सकाळी."

मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरजण मिळालं, माझं दहीही लागलं; पण लुंबिनी ते थुंकून रोज शांतम्माच्या दारात जाऊन बसायची. पोट मात्र सुधारलं. तपासायला नेलं, तर डॉक्टर खूश.

"वा! आईनं बरीच मेहनत घेतलेली दिसते. कुठंय गं तुझी आई? दाखव!"

मी ओढणी सारखी केली, चेहरा नम्र केला. लुंबिनी मला ओलांडून दाराकडं बघत ओरडली, "तंतम्मा!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मग आपण कोण?"